पहिला पगार जमा होईपर्यंत

ऑफर लेटर हातात पडलं की नोकरी लागली, हा समज आधी डोक्यातून काढून टाका. नोकरी लागते ती पहिला पगार खात्यात जमा होतो त्या दिवशी. पेढे वाटायचे ते तेव्हा, सासरी-माहेरी फोन करायचे ते तेव्हा आणि नोकरीचा शोध थांबवायचा तोही तेव्हाच. हे मी रागानं लिहितेय. वर्ष उलटलं तरी राग गेलेला नाही. माझ्या बाबतीत जे झालं ते पुणे-चाकणच्या पट्ट्यात आजही कुणा ना कुणाच्या बाबतीत होतंय, आणि वर लोक त्यालाच चार शब्द सुनावतात.

मी सप्लायर क्वालिटीत आहे. चाकणच्या एका कंपनीत दहाएक वर्षं काढली. पीपॅप म्हणजे नव्या भागांची मंजुरी, व्हेंडर ऑडिट, लाइन बंद पडली की रात्री व्हेंडरच्या दारात उभं राहून माल सॉर्ट करून घेणं, सगळं केलं. पगार मात्र एका जागी अडकून बसला होता. अशात रांजणगावच्या एका नावाजलेल्या कंपनीतून फोन आला. टेक्निकल राउंड झाला, प्लांट हेडचा झाला, मग एचआरचा. प्लांट हेड म्हणाले, "मॅडम, तुम्ही उद्या आलात तरी चालेल, इतकी अडचण आहे." ऑफर लेटर आलं ते कंपनीच्या लेटरहेडवर, सहीनिशी. ग्रेड, पगार, रुजू व्हायची तारीख, सगळं त्यात होतं. मेडिकलही करून घेतली. आणि मेलमध्ये एक ओळ होती : सात दिवसांत राजीनामा मंजूर झाल्याचा मेल पाठवावा, अन्यथा ऑफर रद्द समजली जाईल. ही ओळ लक्षात ठेवा.

मी पेपर टाकले. माझी नोटीस दोन महिन्यांची, त्यांना मी महिन्याभरात हवी होते. "उरलेल्या महिन्याचे पैसे भरून मोकळ्या व्हा मॅम, आम्ही रीइम्बर्स करू," असं एचआरच्या मुलीनं फोनवर सांगितलं. मी पैसे भरले. सेंड-ऑफ झाला. जुन्या कंपनीनं माझ्या जागी माणूसही घेतला.

सोमवारी रुजू व्हायचं होतं. शुक्रवारी दुपारी मी मोशीत झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. त्यांनी पाठवलेल्या यादीप्रमाणे दहावीच्या गुणपत्रिकेपासून शेवटच्या तीन पे-स्लिपपर्यंत सगळ्याच्या दोन-दोन प्रती काढायच्या होत्या. मशीनमधून गरम कागद एकेक बाहेर पडत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"मॅम, तुमचं जॉइनिंग जरा होल्डवर गेलंय."

"म्हणजे? सोमवारी यायचं नाही?"

"सोमवारी नका येऊ. मॅनेजमेंटचं अप्रूव्हल पेंडिंग आहे. आम्ही कळवतो ना."

"किती दिवस लागतील? आणि हे मला मेलवर द्याल का?"

"शुअर मॅम, पाठवते."

दुकानदार विचारत होता, "मॅडम, फोटो आठ काढू का सोळा?" मी आठ म्हणाले, पैसे दिले आणि घरी आले. मेल आला नाही.

खरं काय ते कळलं पुढच्या आठवड्यात. नोकरीच्या पोर्टलवर माझं प्रोफाइल तसंच होतं. रात्री उघडून पाहिलं तर मला सुचवलेल्या जागांमध्ये पहिलीच जाहिरात त्यांची. तोच प्लांट, तेच पद, कामाचं वर्णन शब्दाला शब्द तेच. बदल दोनच. अनुभव दहा वर्षांऐवजी पाच ते आठ वर्षं मागितला होता आणि पगाराचा आकडा मला कबूल केलेल्यापेक्षा बराच खाली आणला होता. जाहिरात टाकल्याची तारीख पाहिली. मला फोन आला त्याच्या आदल्या दिवशीची. म्हणजे अप्रूव्हल अडल्याची सबब खोटी होती. जागा होती, काम होतं, फक्त माणूस स्वस्तातला हवा होता. कितीतरी वेळ मी त्या तारखेकडेच बघत बसले. मग स्क्रीनशॉट काढून ठेवला. तो आजही माझ्याकडे आहे.

पुढचे काही आठवडे त्या मंडळींनी जी वागणूक दिली, ती ऑफर मागे घेण्यापेक्षा जास्त लागली. फोन उचलणं बंद झालं. नवऱ्याच्या नंबरवरून लावला की पहिल्या रिंगला उचलायचे आणि आवाज ओळखला की "मी मीटिंगमध्ये आहे, मॅम" म्हणून ठेवून द्यायचे. "उद्या आलात तरी चालेल" म्हणणाऱ्या प्लांट हेडनं मेसेज वाचला, निळ्या खुणा दिसल्या, उत्तर दिलं नाही. शेवटी दोन ओळींचा मेल आला : व्यवसायाच्या बदललेल्या गरजांमुळे आपली ऑफर मागे घेत आहोत, पुढील वाटचालीस शुभेच्छा. भरलेल्या नोटिशीच्या पैशांचं विचारलं, तर उत्तर मिळालं, "मॅम, तुम्ही जॉइनच झाला नाहीत, मग रीइम्बर्समेंट कशी होणार?" हे वाक्य मी विसरणार नाही.

नातेवाईक म्हणाले, "तू जरा घाईच केलीस." अजिबात नाही. राजीनामा मंजूर झाल्याचा मेल सात दिवसांत त्यांनीच मागितला होता. तो दिला नाही तर ऑफर जाते, आणि दिला तर जुनी नोकरी जाते. यात उमेदवारानं थांबायचं कुठे, ते मला कुणीतरी सांगावं. उमेदवार ऐन वेळी रुजू झाला नाही तर तो बेभरवशाचा, त्याचं नाव काळ्या यादीत. कंपनीनं ऐन वेळी हात झटकले तर तो म्हणे व्यवसायाचा निर्णय. सगळा धोका एकाच बाजूच्या माथी मारलेला आहे, आणि ही बाजू घराचे हप्ते भरणाऱ्या माणसाची आहे. वकिलांना भेटले. ते म्हणाले, ऑफर दिली आणि तुम्ही ती लेखी स्वीकारली की तो करार झाला, नुकसानभरपाई मागता येते. पण दिवाणी दावा वर्षानुवर्षं चालतो, आणि त्यांच्या पत्रात व्यवसायाच्या गरजेनुसार ऑफर मागे घेण्याचं कलम आहे. नोटीस पाठवली. त्यांच्या वकिलांनी त्याच कलमावर बोट ठेवून उत्तर दिलं. तिथून पुढे लढायला माझ्याकडे पैसा नव्हता.

मी एकटी नाही. २०२२ च्या सुमारास कॅम्पसमधून निवडलेल्या जवळपास दोन हजार अभियंत्यांना इन्फोसिसनं दोन वर्षं रुजूच करून घेतलं नाही, अशी तक्रार पुण्याच्या नाइट्स या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं २०२४ मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे केली होती. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं आपली सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असं जाहीर केलं. आमच्या पट्ट्यात तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना डिसेंबर २०२० मध्ये बंद पडला. पुढे तो ह्युंदाईनं घेतला. कारखान्याला मालक मिळाला, पण तिथल्या हजारभर कामगारांची वर्षं कोर्टात आणि आंदोलनात गेली. अशा बाजारात नोकरी शोधायची आहे. "मेहनत करा, फळ मिळेल" एवढ्यावर भागत नाही. जे शिकले ते आता सांगते.

राजीनामा टाकण्याआधी

ऑफर आली की पगाराच्या आकड्याखाली काय लिहिलंय ते वाचा. कंपनी कोणत्या कारणानं ऑफर मागे घेऊ शकते, ते कलम शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं. ते काढून टाकायला कंपनी तयार होणार नाही. पण तीन गोष्टी मागता येतात. पहिली, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन आणि मेडिकल राजीनाम्याआधी पूर्ण करून घ्या आणि दोन्ही झाल्याचा मेल मागा. दुसरी, नोटिशीचे पैसे भरायला सांगत असतील तर ती रक्कम ते कधी देणार, आणि त्यांच्याकडून रुजू करून घेणं रद्द झालं तरी देणार का, हे लेखी घ्या. तिसरी, ज्याच्या हाताखाली काम करायचं त्या साहेबांशी राजीनाम्याआधी एकदा फोनवर बोला आणि जागा बजेटमध्ये मंजूर आहे का, असं थेट विचारा. एचआर गोड बोलतं. साहेब अडखळला की समजून जा.

फोनवर काही ठरलं की दहा मिनिटांत मेल टाका : "आत्ता आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे नोटिशीची रक्कम कंपनी देणार आहे, असं मी समजते. यात काही फरक असेल तर कृपया कळवावं." समोरच्यानं उत्तर दिलं नाही तरी तुमच्याकडे तारखेसह कागद राहतो. हे मेल स्वतःच्या खासगी पत्त्यावर ठेवा. जुन्या कंपनीचा मेल शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतो.

नोटीस चालू असताना दुसऱ्या कंपन्यांचे फोन येतात. ते घ्या, मुलाखती द्या. "एकदा शब्द दिला" म्हणून मन खाऊ देऊ नका. तुम्हाला दिलेला शब्द कंपनी किती पाळते, ते वर वाचलंतच.

ऑफर मागे घेतलीच, तर कारण लेखी मागा, आणि त्यात उमेदवाराच्या वागणुकीशी किंवा कागदपत्रांशी याचा संबंध नाही, हे वाक्य घालून घ्या. हे मी हट्टानं घेतलं. का, ते सांगते. नंतरच्या एका मुलाखतीत समोरचा गृहस्थ खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "त्यांना तुमच्या व्हेरिफिकेशनमध्ये काहीतरी सापडलं असणार. उगाच कोण काढतं?" मी ते पत्र काढून टेबलावर ठेवलं. तो पुढे काही बोलला नाही. ती नोकरीही मिळाली नाही, पण माझ्यावर शिंतोडा राहिला नाही.

पोर्टलवर तुम्ही कोणत्या नावानं सापडता

नोकरी डॉट कॉम १९९७ पासून आहे. एवढी वर्षं लोक तिथे प्रोफाइल भरून वाट बघत बसतात. तिथे भरती करणारा माणूस तुमचा रेझ्युमे वाचत नाही, आधी शोधतो. पदाचं नाव, कौशल्य, गाव, पगार, नोटीस पिरियड अशा चाळण्या लावतो आणि वरच्या काही नावांना फोन करतो. माझ्या जुन्या कंपनीत माझं पद होतं 'असोसिएट, सीक्यूए'. हे नाव त्या कंपनीबाहेर कुणाला माहीत नाही, त्यामुळे मला कुणी शोधतच नव्हतं. हेडलाइनमध्ये 'सप्लायर क्वालिटी इंजिनिअर, फोर्जिंग आणि मशीनिंग, आयएटीएफ १६९४९' असं लिहिलं आणि त्याच आठवड्यात फोन सुरू झाले. तेव्हा आपल्या कामाच्या दहा जाहिराती उघडा, त्यात पदाचं जे नाव आणि जे शब्द पुन्हा पुन्हा येतात ते कागदावर लिहा आणि जे खरोखर येतं तेवढंच त्याच शब्दांत आपल्या रेझ्युमेत घाला. अनुभवपत्रावरचं पद मात्र जसंच्या तसं ठेवा, नाहीतर व्हेरिफिकेशनला अडकाल.

प्रोफाइल दर दोन-तीन दिवसांनी सकाळी उघडून काहीतरी बदलून सेव्ह करा. नुकतं बदललेलं प्रोफाइल वर दिसतं. नोटीस पिरियडचा रकाना अचूक भरा. कामावर नसाल तर पंधरा दिवस किंवा कमी हा पर्याय निवडा. तातडीनं माणूस हवा असणारे आधी तिथेच बघतात.

रेझ्युमे दोन पानी, साधा. दोन रकाने, चौकटी, रंगीत पट्ट्या, फोटो नको. कंपन्यांची सॉफ्टवेअर ते नीट वाचत नाहीत आणि तुमचा अनुभव भलत्याच जागी जाऊन पडतो. 'हार्डवर्किंग, टीम प्लेअर' काढून टाका, तिथे केलेलं काम आकड्यात लिहा. किती व्हेंडर सांभाळले, रिजेक्शन किती पीपीएमवरून (दहा लाख नगांमागे किती) कितीवर आणलं, कोणतं ऑडिट एकही मोठा शेरा न येता पार पडलं. हिशोबाचं काम असेल तर किती जीएसटी रिटर्न भरता, दुकान सांभाळत असाल तर महिन्याची विक्री किती. आकडा खोटा नको. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

माणसं

मला सध्याची नोकरी पोर्टलवरून लागली नाही. आमच्या जुन्या प्लांटला गेज कॅलिब्रेट करायला एक मुलगा यायचा. व्हर्निअर, मायक्रोमीटर, प्लग गेज तपासून त्यावर पुढच्या तारखेची स्टिकर लावणं हे त्याचं काम. महिन्याला कितीतरी कारखाने फिरतो. त्याला फोन करून काम शोधतेय असं सांगितलं. चार दिवसांनी त्याचाच फोन आला. "मॅडम, सणसवाडीत एका फोर्जिंगवाल्याकडे जाऊन आलो. गेजवरच्या स्टिकरची तारीख उलटून गेलीय, कुणी बघितलेलंसुद्धा नाही. क्वालिटीचं माणूस गेलंय त्यांचं. साहेबांचा नंबर देतो, आजच बोला." ती जागा कुठेही जाहीर झालेली नव्हती. मी त्याच दिवशी फोन केला. आज मी तिथे काम करते.

तुमच्या धंद्यातही असा माणूस असतो, जो जागोजागी फिरतो आणि कुठे कोण गेलं, कुठे काम अडलंय, हे ज्याला आधी कळतं. शाळांमध्ये पाठ्यपुस्तकं घेऊन फिरणारा प्रकाशकाचा प्रतिनिधी असतो, दवाखान्यांत एमआर असतो, हिशोबाच्या कामात सीएच्या ऑफिसातली आर्टिकलशिपची मुलं असतात, कारखान्यात टूल विकणारा, ऑडिटर, ट्रान्स्पोर्टवाला. आपण लिंक्डइनवर अनोळखी संचालकांना मेसेज टाकत बसतो आणि रोज नमस्कार करणारा माणूस राहून जातो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मागताना मोघम मागू नका. "काही असेल तर बघा हं" असं म्हटलं की समोरचा "हो, नक्की" म्हणतो आणि विसरतो. मी असा मेसेज लिहिला होता : "सर, मी सप्लायर क्वालिटीत दहा वर्षं आहे, फोर्जिंग आणि मशीनिंग. रांजणगाव, सणसवाडी, चाकण चालेल. लगेच रुजू होऊ शकते. रेझ्युमे सोबत आहे. आपल्या ओळखीत अशी जागा असेल तर संबंधितांना पाठवाल का?" एवढा मेसेज त्याला तसाच पुढे ढकलता येतो. नोकरी गेलीय हे लपवू नका. ताकाला जाऊन भांडं लपवण्यानं फक्त वेळ जातो.

नावाचा घोळ

हे खास करून लग्न झालेल्या बायकांसाठी. माझी पदवी माहेरच्या नावानं, आधार सासरच्या नावानं, पीएफच्या यूएएनवर माहेरचं आडनाव आणि मधलं नाव वडिलांचं. सणसवाडीच्या ऑफरनंतर व्हेरिफिकेशनवाल्यांनी यावर शेरा मारला आणि रुजू होणं लांबलं. लग्नाचा नोंदणी दाखला आणि नाव बदलल्याचं राजपत्र दाखवून ते सुटलं. यूएएन ऑक्टोबर २०१७ च्या आधीचा असेल तर त्यावरचं नाव दुरुस्त करायला कंपनीची साथ लागते. संयुक्त घोषणापत्र तिच्यामार्फतच जातं. तेव्हा नोकरी चालू असतानाच ते करून घ्या. सोडल्यावर कुणी दाद देत नाही.

यूएएनच्या पोर्टलवर आपली सर्व्हिस हिस्ट्री उघडून प्रत्येक जुन्या कंपनीनं तुम्ही सोडल्याची तारीख भरलीय का ते बघा. ती भरलेली नसेल तर तुम्ही अजून तिथेच कामाला आहात असं दिसतं आणि दोन ठिकाणी नोकरी केल्याचा संशय येतो. शेवटचा पीएफ भरून दोन महिने झाले की ती तारीख आधारच्या ओटीपीवर स्वतःही भरता येते. रिलीव्हिंग लेटर, अनुभवपत्र, फॉर्म १६ आणि पे-स्लिप सोडतानाच ताब्यात घ्या.

मुलाखत आणि पगार

"मुलं लहान आहेत का? घरी कोण बघतं?" हे मला जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत विचारलं गेलं. नवऱ्यालाही मुलं तेवढीच आहेत, त्याला एकदाही विचारलेलं नाही. चिडून उपयोग नसतो. मी शांतपणे सांगायचे, "शिफ्ट, व्हेंडरकडचा प्रवास आणि ऑडिटसाठी बाहेरगावी राहणं, तिन्हीला मी तयार आहे. कामाशी याचा एवढाच संबंध आहे." पुढे तोच विषय ताणणाऱ्यांकडे काम न मिळालेलंच बरं.

नोकरी का गेली ते एका वाक्यात, खरं सांगा आणि लगेच कामावर या. जुन्या कंपनीची निंदा करत बसू नका. माझ्या तोंडून हे ऐकणं विचित्र वाटेल, पण मुलाखतीची खोली त्यासाठी नाही.

पगार ठरवताना सीटीसीच्या आकड्यावर भाळू नका. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, बेसिकच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता आणि मिळेलच याची खात्री नसलेला व्हेरिएबल धरलेला असतो. महिन्याला हातात किती, बस कुठून सुटते, कॅन्टीनचे किती कापतात आणि पे-रोल कंपनीचा की कॉन्ट्रॅक्टरचा, हे चार प्रश्न विचाराच. चौथ्याला तर बगल देऊ देऊ नका. एमआयडीसीत गेटवर मोठ्या कंपनीचा बोर्ड असतो आणि पगार देणारा भलताच निघतो.

पैसे मागणारे

नोकरी देतो म्हणून जो पैसे मागतो तो नोकरी देणारा नाही. नाव नोंदणी, ट्रेनिंग फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, गेटपास, कारण कोणतंही असो. कंपनीच्या नावाचा मेल जीमेलवरून आला, मुलाखत नुसत्या चॅटवर झाली, ऑफर तासाभरात मिळाली, तर त्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून फोन करा आणि विचारा. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं कठीण.

बाकी

सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा, हे सगळेच सांगतात, मीही सांगते. जमेल तेवढा ठेवा. रोज ठरलेल्या वेळी उठा, आंघोळ करून टेबलाशी बसा, दुपारी बाहेर पडून चाला. कोर्स करायचा तर आधी जाहिराती बघा आणि मगच ठरवा. स्वयंवरचे आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम फुकट शिकता येतात, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी भरावी लागते. लाखभर रुपये घेऊन शंभर टक्के प्लेसमेंटची हमी देणाऱ्या क्लासच्या नादी लागू नका. राज्य सरकारच्या महास्वयं आणि केंद्राच्या नॅशनल करिअर सर्व्हिस या पोर्टलवर नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, तेव्हा नोंदवून ठेवा, रोजगार मेळाव्यांची माहिती तिथे मिळते. आयटीआय झालेल्या मुलांनी ॲप्रेंटिसशिप सोडू नये. प्लांटमध्ये एकदा पाय टाकला की ओळखी होतात.

सणसवाडीला मला जुन्या कंपनीइतकाच पगार आहे. रांजणगावनं कबूल केला होता तेवढा नाही. सणसवाडीत रुजू झाल्यावरही, पहिला पगार जमा झाल्याचा मेसेज येईपर्यंत मी पोर्टलवरचं प्रोफाइल चालू ठेवलं होतं आणि मुलाखतीही देत होते. याचं मला जराही वाईट वाटत नाही.

एचआरमध्ये काम करणाऱ्या, हे वाचणाऱ्या सगळ्यांना हात जोडून सांगते. ऑफर मागे घ्यायचा निर्णय तुमचा नसतो, हे मलाही कळतं. पण त्याच दिवशी लेखी कळवणं तुमच्या हातात आहे. फोन उचलणं तुमच्या हातात आहे. तुमच्या सांगण्यावरून माणसानं खिशातून भरलेले पैसे त्याला परत मिळावेत म्हणून वर एक मेल लिहिणं तुमच्या हातात आहे.

आणि बाकीच्यांना एवढंच. तुमच्या घरात, सोसायटीत कुणाची नोकरी गेली, कुणाची ऑफर फिरली, तर त्याचं काय चुकलं ते विचारू नका. त्याचा रेझ्युमे मागून घ्या आणि त्याच दिवशी ओळखीच्या दोघांना पाठवा.